हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट घ्यावे की नाही? अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शक

पुण्याहून, नागपूरहून किंवा पणजीहून अमेरिकेत नोकरीसाठी आलेल्या माणसाला बहुतेक कंपन्यांत रुजू झाल्यापासून ३० दिवसांच्या आसपास आरोग्य विम्याची योजना निवडावी लागते. त्याच सुमारास घर शोधायचे असते, सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळवायचा असतो, गाडीचा परवाना काढायचा असतो, आणि या धांदलीत एचआरच्या संकेतस्थळावर दोन-तीन योजना समोर येतात. त्यांपैकी एकीचा मासिक हप्ता इतरांपेक्षा बराच कमी असतो, तिच्या नावात ‘हाय डिडक्टिबल’ असे शब्द असतात आणि शेजारी ‘एचएसए एलिजिबल’, म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट (एचएसए) उघडण्यास पात्र, अशी नोंद असते. काही जण हप्ता कमी म्हणून ती घेतात, काही जण ‘हाय’ हा शब्द वाचूनच तिला बाजूला सारतात, आणि दोन्ही निर्णय बहुधा आकडे न मांडताच झालेले असतात. ते आकडे कसे मांडावेत, आणि खाते उघडल्यावर कुठे ठेच लागते, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. लेखातील मर्यादा २०२६ या करवर्षाच्या आहेत. त्या दरवर्षी महागाईनुसार बदलतात.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. खाते चांगले आहे एवढ्याच कारणासाठी योजना घेऊ नये. आधी योजना आपल्या घराला परवडते का ते पाहावे, आणि ती परवडत असेल तर मात्र खात्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा.

पायरी पहिली: योजनेची भाषा समजून घेणे

भारतातील मेडिक्लेमची सवय इथे थोडी आड येते. तिथे साधारणपणे रुग्णालयात दाखल झाल्यावर विमा कामी येतो, आणि डॉक्टरांची नेहमीची फी, औषधे, तपासण्या हा खर्च आपण खिशातूनच करतो. अमेरिकेत दवाखान्याच्या साध्या फेरीपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे विम्याच्या कक्षेत येते, परंतु त्यातला किती भाग कोणी उचलायचा हे चार शब्दांवर ठरते. दर महिन्याला पगारातून कापला जाणारा हप्ता म्हणजे प्रीमियम. विमा कंपनी पैसे देऊ लागण्यापूर्वी वर्षभरात आपण स्वतः भरायची रक्कम म्हणजे डिडक्टिबल. ती भरून झाल्यावर प्रत्येक बिलातील आपल्या वाट्याचा टक्का, उदाहरणार्थ २० टक्के, म्हणजे कोइन्शुरन्स. आणि वर्षभरात आपल्या खिशातून जाणाऱ्या रकमेची कमाल सीमा म्हणजे आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम. ती गाठल्यावर नेटवर्कमधील, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांकडील, उपचारांचा उरलेला सगळा खर्च विमा कंपनी करते. प्रीमियम या सीमेत धरला जात नाही, हे विसरू नये.

कायद्याच्या दृष्टीने ‘हाय डिडक्टिबल हेल्थ प्लॅन’ म्हणवून घेण्यासाठी २०२६ मध्ये योजनेची डिडक्टिबल एका व्यक्तीसाठी किमान १,७०० डॉलर आणि कुटुंबासाठी किमान ३,४०० डॉलर असावी लागते, तर खिशातल्या खर्चाची कमाल सीमा अनुक्रमे ८,५०० आणि १७,००० डॉलरच्या वर जाता कामा नये. कौटुंबिक योजनेत प्रत्येक व्यक्तीची वेगळी डिडक्टिबल असेल, तर तीही ३,४०० डॉलरपेक्षा कमी चालत नाही. त्यामुळे एखाद्या योजनेची डिडक्टिबल मोठी दिसते म्हणून ती एचएसएला चालेलच असे नाही. योजनेच्या कागदपत्रांत तसे स्पष्ट लिहिलेले आहे का ते पाहावे. नोकरीतून विमा न मिळणाऱ्यांसाठी एक बदल महत्त्वाचा आहे. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, सरकारी विमा बाजारपेठेतून मिळणाऱ्या ब्राँझ आणि कॅटॅस्ट्रॉफिक योजना १ जानेवारी २०२६ पासून एचएसएसाठी पात्र धरल्या जातात.

डिडक्टिबल पूर्ण होईपर्यंत विम्याचा काहीच उपयोग नाही, हा समज चुकीचा आहे. वार्षिक तपासणी, लसीकरण, ठरावीक वयानंतरच्या कर्करोग चाचण्या अशा प्रतिबंधक सेवा नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडे पहिल्या दिवसापासून मोफत मिळतात. मात्र वार्षिक तपासणीला गेल्यावर ‘गेले दोन महिने गुडघा दुखतो आहे’ असे सहज सांगितले आणि डॉक्टरांनी त्यासाठी वेगळी तपासणी लिहिली, तर तेवढ्या भागाचे बिल येऊ शकते. मधुमेहींसाठी आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या संघीय कर खात्याने, योजनांना मुभा दिली आहे की इन्सुलिन, ग्लुकोमीटर, स्टॅटिन यांसारख्या गोष्टींचा खर्च डिडक्टिबलपूर्वीही उचलावा. ही मुभा आहे, सक्ती नाही. म्हणून घरात मधुमेह असल्यास योजनेची औषधांची यादी निवडीपूर्वीच उघडून पाहावी.

डिडक्टिबलच्या काळातही आपण विमा कंपनीने वाटाघाटी करून ठरवलेला दर भरतो, दवाखान्याच्या छापील दरपत्रकातला नव्हे. हा फरक पुष्कळदा मोठा असतो. पहिल्या वर्षी रक्ततपासणीचे बिल हातात पडताच मी ते भरून टाकले, आणि महिन्याभराने विमा कंपनीकडून आलेल्या ‘एक्स्प्लेनेशन ऑफ बेनिफिट्स’ या पत्रकावरून कळले की माझा वाटा त्याच्या निम्म्याहून कमी होता. जास्तीचे पैसे परत मिळवायला चार फोन करावे लागले. तेव्हापासून हे पत्रक आल्याशिवाय आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय मी बिल भरत नाही.

पायरी दुसरी: खाते म्हणजे नेमके काय

हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट ही सोय डिसेंबर २००३ मध्ये झालेल्या मेडिकेअरविषयक (मेडिकेअर म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) कायद्यातून आली आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झाली. ते तुमच्या एकट्याच्या नावाचे खाते असते. पती-पत्नीचे संयुक्त एचएसए उघडता येत नाही. कंपनीने त्यात पैसे घातले तरी ते जमा झाल्या क्षणापासून तुमचे असतात, वर्ष संपल्यावर शिल्लक बुडत नाही, आणि नोकरी सोडली तरी खाते तुमच्याबरोबर येते.

नावातल्या साधर्म्यामुळे ज्याच्याशी याची सतत गल्लत होते ते एफएसए, म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट (वैद्यकीय खर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवण्याची कंपनीची सोय), याच्या अगदी उलट वागते. एफएसएतील पैसे वर्षभरात वापरले नाहीत तर कंपनीच्या नियमांप्रमाणे थोडी रक्कम पुढे नेता येते किंवा तीही येत नाही, आणि नोकरी सुटली की खातेही बहुधा सुटते.

एचएसएची खरी ताकद करात आहे. जमा केलेल्या रकमेवर संघीय आयकर लागत नाही, खात्यात मिळणाऱ्या व्याजावर व गुंतवणुकीच्या वाढीवर कर लागत नाही, आणि वैद्यकीय खर्चासाठी काढलेल्या पैशांवरही कर लागत नाही. तिन्ही टप्प्यांवर सूट देणारे दुसरे खाते इथल्या सामान्य पगारदाराला सहसा मिळत नाही; ४०१(के) या कंपनीमार्फतच्या निवृत्ती-बचत खात्यामध्ये शेवटी किंवा सुरुवातीला एकदा तरी कर भरावाच लागतो. शिवाय पगारातून थेट कापून जमा केलेल्या रकमेवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मिळून ७.६५ टक्के करही वाचतो. तीच रक्कम तुम्ही स्वतःच्या बँक खात्यातून नंतर भरली, तर विवरणपत्रात आयकराची सूट मिळते, हे ७.६५ टक्के मात्र परत मिळत नाहीत. म्हणून शक्य असेल तेव्हा पगारातूनच जमा करावे. एफ-१ व्हिसावर ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी जोडलेली तात्पुरती नोकरी, करणाऱ्या विद्यार्थ्यांना सुरुवातीची ५ कॅलेंडर वर्षे हा कर सहसा लागतच नाही, तेव्हा त्यांच्या हिशेबात हा फायदा धरू नये.

आकड्यात सांगायचे तर, ९०,००० डॉलर पगाराच्या, २२ टक्क्यांच्या करगटात येणाऱ्या अविवाहित व्यक्तीने पगारातून वर्षाला ४,४०० डॉलर जमा केले, तर आयकराचे ९६८ आणि उरलेल्या दोन करांचे सुमारे ३३७, असे साधारण १,३०५ डॉलर वाचतात.

आता ज्या दोन राज्यांत मराठी वस्ती भरपूर आहे तिथल्यांसाठी थोडी निराशाजनक गोष्ट. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही राज्ये राज्याच्या आयकरासाठी एचएसएची सूट मानत नाहीत. फ्रीमाँट, सनीवेल किंवा एडिसनमध्ये राहणाऱ्यांना जमा रक्कम राज्याच्या उत्पन्नात धरावी लागते, आणि खात्यातील व्याज, लाभांश व विक्रीवरील नफ्याचा हिशेबही दरवर्षी राज्यासाठी वेगळा ठेवावा लागतो. संघीय सूट कायम राहत असल्याने खाते तरीही फायद्याचे ठरते. टेक्सासमध्ये राज्याचा आयकरच नाही, त्यामुळे डॅलस-ऑस्टिनकरांपुढे हा प्रश्न येत नाही.

पायरी तिसरी: आपण पात्र आहोत का?

महिन्याच्या पहिल्या दिवशी तुमच्याकडे पात्र योजना असेल, तुम्हाला दुसरे कोणतेही सर्वसाधारण आरोग्य विम्याचे संरक्षण नसेल, तुम्ही मेडिकेअरमध्ये नसाल आणि इतर कोणाच्या करविवरणात अवलंबित म्हणून दाखवले जाऊ शकत नसाल, तर त्या महिन्यापुरते तुम्ही पात्र असता. दात व डोळ्यांचा वेगळा विमा असला तरी हरकत नसते.

गडबड होते ती ‘दुसरे संरक्षण’ या अटीत, विशेषतः पती-पत्नी दोघेही नोकरी करत असतील तेव्हा. तुमच्याकडे पात्र योजना आहे, पण पत्नीच्या कंपनीच्या पीपीओ योजनेत (कमी डिडक्टिबलची, बहुधा जास्त हप्त्याची नेहमीची योजना) तुमचेही नाव घातलेले आहे, तर तुम्ही अपात्र ठरता. पत्नी एकटीच त्या पीपीओत असेल तर तुमच्या पात्रतेला बाधा येत नाही. फक्त तिला स्वतःचे एचएसए भरता येत नाही. यापेक्षा फसवा प्रकार एफएसएचा आहे. पत्नीने तिच्या कंपनीत सर्वसाधारण एफएसए घेतले असेल, तर त्यातून तुमचाही वैद्यकीय खर्च भागवता येतो, आणि केवळ या शक्यतेमुळे तुमचे एचएसए अडते; तुम्ही त्यातला एक डॉलरही वापरला नसला तरी. दात आणि डोळ्यांपुरते मर्यादित असलेले ‘लिमिटेड पर्पज एफएसए’ मात्र चालते. म्हणून दोघांनी आपापल्या कंपनीचे ओपन एन्रोलमेंटचे, म्हणजे वार्षिक योजना-निवडीचे, पान एकाच संध्याकाळी, शेजारी बसून भरावे.

पायरी चौथी: दोन योजनांचा हिशेब मांडणे

इथे घाई करू नये. केवळ हप्त्यांची तुलना उपयोगाची नसते. एक निरोगी वर्ष, एक मध्यम खर्चाचे वर्ष आणि एक अत्यंत वाईट वर्ष, असे तीन प्रसंग धरून प्रत्येक योजनेत एकूण किती पैसे जातील ते लिहून काढावे. खालचे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या कंपनीचे त्या जागी घाला.

समजा पीपीओ योजनेचा वार्षिक प्रीमियम २,६४० डॉलर, डिडक्टिबल ५००, नंतर २० टक्के वाटा आणि कमाल सीमा ४,००० आहे. पात्र हाय डिडक्टिबल योजनेचा प्रीमियम १,०८०, डिडक्टिबल २,०००, नंतर तोच २० टक्के वाटा, कमाल सीमा ४,५०० आहे आणि कंपनी एचएसएत वर्षाला ७५० डॉलर घालते. काहीच आजारपण आले नाही तर पीपीओत २,६४० जातात. दुसरीत १,०८० मधून ७५० वजा होऊन ३३०. वर्षात ३,००० डॉलरचे उपचार झाले तर पीपीओत डिडक्टिबलचे ५०० आणि उरलेल्या २,५०० चे २० टक्के म्हणजे आणखी ५००, प्रीमियम धरून ३,६४०. दुसरीत २,००० अधिक २००, प्रीमियम धरून आणि कंपनीचे पैसे वजा करून २,५३०. मोठी शस्त्रक्रिया होऊन सीमा गाठली तर पीपीओत ६,६४० आणि दुसरीत ४,८३०. इथे हाय डिडक्टिबल योजना तिन्ही प्रसंगांत स्वस्त पडते, आणि करबचत अजून मोजलेलीही नाही.

आता हेच गणित थोडे बदलून पाहा. हाय डिडक्टिबल योजनेचा प्रीमियम २,२८० आहे, म्हणजे फरक महिन्याला अवघा ३० डॉलरचा, आणि कंपनी एचएसएत काहीच घालत नाही. निरोगी वर्षात २,६४० विरुद्ध २,२८०, म्हणजे किरकोळ फायदा. ३,००० डॉलरच्या वर्षात ३,६४० विरुद्ध ४,४८०, म्हणजे ८४० डॉलरचा तोटा. वाईट वर्षात ६,६४० विरुद्ध ६,७८०. करबचतीने ही दरी काहीशी भरून निघते, पण पीपीओ घेणाऱ्यालाही एफएसएतून थोडी करबचत साधता येते हे धरले, तर ठरावीक औषधे सुरू असलेल्या किंवा येत्या वर्षात बाळंतपण अपेक्षित असलेल्या घराने अशा वेळी पीपीओच घेतलेली बरी. थोडक्यात, कौल फिरवतात त्या दोन गोष्टी: प्रीमियममधला फरक आणि कंपनीचे योगदान. डिडक्टिबलचा मोठा आकडा पाहून घाबरण्याआधी या दोहोंची बेरीज करावी.

हिशेबाबाहेरचाही एक प्रश्न आहे. योजना जानेवारीत सुरू झाली आणि फेब्रुवारीत हात मोडला, तर एचएसएत तोवर दोन-तीनशे डॉलरच जमलेले असतात आणि बिल मात्र पुऱ्या डिडक्टिबलचे येते. नव्याने आलेल्या कुटुंबाकडे घराची अनामत आणि गाडी यांत बचत संपलेली असते. डिडक्टिबलएवढी रोकड वेगळी ठेवता येत नसेल, तर पहिले वर्ष पीपीओत काढून दुसऱ्या वर्षी बदल करण्यात कमीपणा नाही. जास्तीचा प्रीमियम ही त्या वर्षीच्या निर्धास्तपणाची किंमत समजावी.

पायरी पाचवी: किती जमा करावे

२०२६ साठी मर्यादा एकट्यासाठी ४,४०० आणि कौटुंबिक योजनेसाठी ८,७५० डॉलर आहे. ५५ किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीला आणखी १,००० भरता येतात. कंपनीचे योगदान याच मर्यादेत मोजले जाते. पती आणि पत्नी दोघांच्या कंपन्यांतून एचएसए सुरू असेल आणि कौटुंबिक योजना असेल, तर ८,७५० ही दोघांची मिळून मर्यादा आहे. प्रत्येकी ८,७५० भरणारी जोडपी मी पाहिली आहेत. मर्यादेपेक्षा जास्त रक्कम राहिली तर ती काढून घेईपर्यंत दरवर्षी ६ टक्के दंडात्मक कर लागतो. चूक लक्षात येताच खातेकंपनीला ‘एक्सेस कॉन्ट्रिब्युशन’ म्हणून ती रक्कम परत करायला सांगावे. विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी ती, तिच्यावरील कमाईसह, काढली तर दंड टळतो.

नवागतांच्या बाबतीत वर्षाच्या मध्येच सुरुवात होते. तुमची योजना १ सप्टेंबरला सुरू झाली, तर त्या वर्षी तुम्ही ४ महिने पात्र असता आणि सरळ हिशेबाने एकट्याची मर्यादा ४,४०० च्या बारा भागांपैकी चार भाग, म्हणजे सुमारे १,४६६ डॉलर येते. याला एक पर्याय आहे. १ डिसेंबरला तुम्ही पात्र असाल तर पूर्ण वर्षाची मर्यादा वापरता येते, परंतु मग पुढच्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत पात्र राहण्याची अट लागते. ती मोडली, तर जास्तीची रक्कम उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर आणखी १० टक्के कर बसतो. एच-१बीवर असलेल्या, नोकरी किंवा देशच बदलण्याची शक्यता असलेल्या माणसाने या सवलतीच्या मोहात पडू नये. महिन्यांच्या हिशेबाने भरणे सुरक्षित आहे.

वर्षाची रक्कम पुढील १५ एप्रिलपर्यंत भरता येते, त्यामुळे डिसेंबरात हात आखडता असेल तरी संधी जात नाही. आणि ४०१(के) मध्ये कंपनी बरोबरीचे पैसे घालत असेल, तर आधी तेवढे मिळवावे, मग एचएसए भरावे.

पायरी सहावी: खाते कुठे ठेवावे

कंपनी ज्या संस्थेशी करार करते तिथेच पगारातील रक्कम जाते. हेल्थइक्विटी, ऑप्टम बँक, एचएसए बँक, फिडेलिटी ही नावे तुम्हाला बहुधा दिसतील. तिथे तुमची निवड चालत नाही, पण जमा झालेले पैसे तुम्ही हव्या त्या दुसऱ्या संस्थेत हलवू शकता. मासिक शुल्क किती, गुंतवणुकीसाठी किमान किती रोख शिल्लक ठेवावी लागते, कमी खर्चाचे इंडेक्स फंड मिळतात का, आणि खाते बंद करताना शुल्क लागते का, एवढे चार प्रश्न विचारले की पुरते. एका नोकरीतून निघाल्यावर माझ्या जुन्या खात्यावर दरमहा शुल्क सुरू झाले आणि ते लक्षात यायला वर्ष गेले. नोकरी सुटल्यावर कंपनी ते शुल्क भरायचे थांबवते, हे मला ठाऊक नव्हते.

पैसे हलवताना एका संस्थेकडून दुसरीकडे थेट हस्तांतर करून घ्यावे. हे कितीही वेळा करता येते. स्वतःच्या हाती धनादेश घेऊन नंतर भरायचे ठरवले, तर ६० दिवसांची मुदत आणि १२ महिन्यांत एकदाच ही बंधने लागतात.

डिडक्टिबलएवढी रक्कम रोख ठेवून त्यावरची गुंतवावी, असा माझा साधा नियम आहे. ज्यांना छोटे खर्च पगारातून भागवणे जमते ते एचएसएतील पैसे न काढता वाढू देतात, आणि त्यामागे कायद्यातली एक सोय आहे: खाते उघडल्यानंतर झालेल्या वैद्यकीय खर्चाची भरपाई खात्यातून घेण्यास मुदतच नाही. आज दंतवैद्याला दिलेल्या ४०० डॉलरची पावती जपून ठेवली तर ते ४०० डॉलर १५ वर्षांनीही करमुक्त काढता येतात. मात्र खाते उघडण्यापूर्वीचा खर्च चालत नाही. म्हणून पात्र झाल्याबरोबर थोड्या रकमेने का होईना, खाते उघडून टाकावे. पावत्यांचे फोटो लगेच काढावेत. इथल्या औषध दुकानांच्या पावत्यांची शाई दोन उन्हाळ्यांत उडते.

पायरी सातवी: कशावर आणि कोणावर खर्च करता येतो

डॉक्टरांची फी, औषधे, दातांचे उपचार, चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, फिजिओथेरपी, समुपदेशन हे सगळे चालते. २०२० पासून चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे आणि सॅनिटरी पॅडही चालतात. व्यायामशाळेची वर्गणी, दात पांढरे करून घेणे, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आणि सर्वसाधारण तब्येतीसाठी घेतलेली जीवनसत्त्वे चालत नाहीत. भारतीय दुकानातून आणलेले च्यवनप्राशही याच यादीत. विम्याचे प्रीमियमही सहसा चालत नाहीत. ६५ वर्षांपूर्वी इतर कारणासाठी पैसे काढले, तर आयकर आणि वर २० टक्के दंड बसतो. ६५ नंतर दंड जातो, आयकर राहतो.

सुट्टीत पुण्याला जाऊन रूट कॅनाल करून घेणाऱ्यांची संख्या कमी नाही. तो खर्च तुमचा स्वतःचा, जोडीदाराचा किंवा कराच्या दृष्टीने तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलाचा असेल, तर तो उपचार परदेशात झाला म्हणून अपात्र ठरत नाही. रुपयांतील पावती, उपचाराचा तपशील आणि त्या दिवसाचा विनिमय दर जपून ठेवावा. औषधांचे मात्र वेगळे आहे. दोन्ही देशांत कायदेशीर असलेले, डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध भारतात विकत घेऊन तिथेच घेतले तर ते चालते. बॅगेत भरून अमेरिकेत आणलेल्या सहा महिन्यांच्या गोळ्या चालत नाहीत.

आणि आता सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: आई-वडिलांसाठी हे पैसे वापरता येतात का? भारतात राहणाऱ्या आई-वडिलांना तुम्ही दरमहा पैसे पाठवत असलात, त्यांचा सगळा खर्च तुमच्यावर असला, तरी अमेरिकेच्या करकायद्यात ते तुमचे अवलंबित ठरत नाहीत, कारण त्यासाठी अमेरिकेचे नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा अथवा मेक्सिकोचे रहिवासी असावे लागते. साताऱ्यातली वडिलांची बायपास एचएसएतून भरता येत नाही. बी-२ व्हिसावर नातवंडाच्या बाळंतविड्यासाठी काही महिने आलेल्या आईबाबतही सहसा हेच उत्तर आहे, आणि तिच्यासाठी घेतलेल्या प्रवासी विम्याचा प्रीमियम तर मुळातच बसत नाही. आई-वडील ग्रीन कार्ड घेऊन इथे राहत असतील आणि त्यांचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करत असाल, तर चित्र बदलते. अशा वेळी त्यांना भारतातून स्वतःची पेन्शन येत असली तरी तेवढ्या कारणाने एचएसएचा मार्ग बंद होत नाही.

याच्या उलट टोकाला मोठी मुले आहेत. २६ वर्षांपर्यंतचे मूल तुमच्या विम्यात राहू शकते, पण ते नोकरीला लागून कराच्या दृष्टीने अवलंबित उरले नसेल, तर त्याचा खर्च तुमच्या एचएसएतून करता येत नाही.

पायरी आठवी: विवरणपत्र

वर्षात खात्यात पैसे आले किंवा त्यातून गेले, तर विवरणपत्रासोबत फॉर्म ८८८९ जोडावा लागतो. कंपनीने दिलेल्या डब्ल्यू-२ या वार्षिक पगार-विवरणाच्या १२ व्या चौकटीत ‘डब्ल्यू’ या सांकेतिक अक्षरासमोर जी रक्कम असते, तिच्यात कंपनीचे योगदान आणि तुमच्या पगारातून कापलेली रक्कम, दोन्ही असतात. नवशिके हमखास इथे चुकतात: पगारातून गेलेले पैसे ‘मी भरले’ म्हणून पुन्हा वजावटीत दाखवतात. त्यावर सूट आधीच मिळालेली असते. तुमच्या बँक खात्यातून वेगळे भरलेले पैसे तेवढेच वजावटीत दाखवायचे.

नोकरी गेली किंवा भारतात परतायचे ठरले तर

एच-१बीवरच्या माणसाला नोकरी गेल्यावर देशात राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, आणि त्या काळात कोब्राद्वारे जुना विमा स्वतःच्या पैशांनी चालू ठेवायचा तर संपूर्ण प्रीमियम अंगावर पडतो. विम्याच्या प्रीमियमसाठी एचएसए वापरता येत नाही या नियमाला कोब्रा हा अपवाद आहे. पहिल्या तीन वर्षांत ज्यांनी खात्यात काही हजार डॉलर साठवले आहेत, त्यांना हे पैसे नेमके अशा वेळी हाती येतात.

भारतात परतल्यावर खाते तुमचेच राहते. नवे पैसे घालता येत नाहीत, कारण पात्र योजना उरत नाही. पण तुमच्या, जोडीदाराच्या आणि पात्र मुलांच्या उपचारांवर ते जगात कुठेही खर्च करता येतात, आणि अमेरिकेच्या बाजूने ते करमुक्तच राहतात. ज्या वर्षी पैसे काढाल त्या वर्षी अमेरिकेचे विवरणपत्र व फॉर्म ८८८९ भरावे लागतात. भारताच्या बाजूने मात्र या खात्याला अमेरिकेसारखी करसूट नाही. परतल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात अनेकांना ‘रहिवासी, पण सामान्यतः रहिवासी नाही’ असा दर्जा मिळतो आणि तेव्हा परदेशातील उत्पन्नावर सहसा कर लागत नाही. तो दर्जा संपला की खात्यातील व्याज व लाभांश भारतातील उत्पन्नात येऊ शकतात आणि खाते विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागते. दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या सल्लागाराशी बोलणे परतीच्या विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी व्हावे, कारण साठवलेल्या जुन्या पावत्यांवर पैसे काढून घ्यायचे असतील, तर ते तो दर्जा संपण्यापूर्वी उरकणे सोपे जाते.

निघण्यापूर्वी खातेकंपनीकडे तीन गोष्टी पुऱ्या कराव्यात. भारतातील पत्ता चालतो का, आणि त्या पत्त्यावर गुंतवणुकीचे व्यवहार करू देतात का, हे लेखी विचारावे. काही संस्था परदेशी पत्त्यावर नवी खरेदी थांबवतात. दुहेरी पडताळणीचा संदेश अमेरिकेच्या मोबाइल क्रमांकावर येत असेल, तर तो बदलून ई-मेल किंवा ॲपवर घ्यावा. आणि वारसदाराच्या रकान्यात जोडीदाराचे नाव आहे ना ते तपासावे: जोडीदाराकडे गेलेले खाते एचएसए म्हणूनच पुढे चालते, तर इतर कोणाकडे गेल्यास ते खातेदाराच्या मृत्यूच्या दिवसापासून एचएसए राहत नाही आणि त्यातील रक्कम वारसाच्या त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते.